जखमी मृगाचा माग

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायदानाचा विचार चालू असताना स्मृतिकार एक उपमा योजतो. पारधी ज्याप्रमाणे भूमीवर सांडलेल्या रक्ताच्या थेंबांवरून विद्ध मृगाचे ठिकाण शोधून काढतो, त्याप्रमाणे राजाने अनुमानाच्या आधारे धर्माचे ठिकाण शोधून काढावे, असा त्या अध्यायातील चव्वेचाळिसाव्या श्लोकाचा आशय आहे. महाभारताच्या शांतिपर्वातही जवळजवळ हीच उपमा येते. अध्यापनाच्या काळात मी हा श्लोक कितीतरी वर्षे विद्यार्थ्यांपुढे ठेवीत असे. उपमेय आणि उपमान यांतील साधर्म्य उलगडून दाखवावे, अनुमानप्रमाणाविषयी चार शब्द बोलावेत आणि पुढे जावे, असा परिपाठ होता. त्या उपमेतले हरीण बाण लागल्यावर किती दूर धावले, कोणत्या झुडपाखाली जाऊन पडले, पारध्याला ते जिवंत सापडले की मृत, आणि मुळीच सापडले नसेल तर त्याचे काय झाले, हे प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारले नाहीत. मीही ते स्वतःला विचारले नाहीत.

भाषेने मात्र तो प्रश्न आपल्या पोटात जपून ठेवला आहे. संस्कृतात ‘मृग्’ या धातूचा अर्थ शोधणे, मागावर जाणे असा आहे; मृग, मृगया आणि मार्ग हे शब्द एकाच कुळातले. ‘मार्गण’ म्हणजे शोध, ‘मार्गण’ म्हणजे बाण आणि ‘मार्गण’ म्हणजे याचकही. आपल्या मराठीतील ‘माग’ हा याच ‘मार्गा’चा प्राकृतातून आलेला वंशज आहे आणि ‘मागणे’ या क्रियापदाचे नातेही तेथेच जाऊन मिळते. शोधणे, विंधणे आणि मागणे या तीन क्रिया भाषेने एका धाग्यात ओवल्या आहेत. ज्याने बाण सोडला त्याच्याकडे त्या बाणाने विंधलेला जीव काही मागत असतो, असा अर्थ त्यातून कोणी काढला, तर व्युत्पत्तिशास्त्राला तो मान्य होणार नाही. पण नीतिशास्त्राने त्याची दखल घ्यायला हरकत नसावी.

युरोपात आणि अलीकडे अमेरिकेत जखमी हरणाच्या मागावर कुत्रा सोडण्याची, किंबहुना वादीला बांधून नेण्याची, जी पद्धत विकसित झाली तिचा इतिहास मी कुतूहलाने वाचू लागलो तो या श्लोकामुळे. तो इतिहास वाचताना असे जाणवले की, ही केवळ शिकारीच्या तंत्राची हकीकत नाही. आघात केल्यानंतरही माणसाचे कृत्य पुरे झालेले नसते, ही जाणीव माणसाच्या मनात कशी रुजत गेली आणि ती किती ठिकाणी अपुरी पडली, याचा तो इतिहास आहे.

प्रथम आपल्याकडे पाहू. भारतीय वाङ्मयातला मागावर जाणारा पहिला कुत्रा म्हणजे खरे तर एक कुत्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे आठवे सूक्त हा सरमा आणि पणी यांच्यातील संवाद आहे. पणींनी गाई लपवून ठेवल्या आहेत. त्यांचा माग काढीत इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून थेट त्यांच्या दारात येऊन उभी राहते. पणी तिला लालूच दाखवतात, बहीण म्हणून जवळ करू पाहतात, पण ती बधत नाही. पुढे बृहद्देवतेत हीच कथा येते तेव्हा मात्र सरमा पणींकडचे दूध पिते आणि परतल्यावर गाई पाहिल्याच नाहीत असे इंद्राला सांगते. एकाच परंपरेने एकदा तिला निष्ठावान ठरवले आणि एकदा लाचखाऊ. माग काढणाऱ्या प्राण्यावर किती विश्वास ठेवावा, हा पुढच्या सर्व इतिहासाला पुरून उरलेला प्रश्न येथेच उभा राहिला आहे. कुत्र्याला संस्कृतात ‘सारमेय’ म्हणतात ते या सरमेवरूनच.

कालिदासाने रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथाची मृगया वर्णिली आहे. राजा अरण्यात शिरण्यापूर्वी कुत्र्यांचे तांडे बाळगणारे आणि जाळी लावणारे लोक तेथे जाऊन पोचलेले आहेत, असा तपशील कवीने आवर्जून दिला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या वीस विनोदांची चर्चा आहे. त्यांत सारमेयविनोद आणि मृगयाविनोद यांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे. शके 1051, म्हणजे इ. स. 1129 च्या सुमाराचा हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना त्यातील जुन्या मराठी पंक्तींमुळे परिचित आहे. कुत्र्यांच्या प्रकरणाकडे मात्र आपण फारसे वळलेलो नाही. या साऱ्या उल्लेखांत कुत्रा असतो तो शिकारीच्या आरंभी किंवा ऐन धावपळीत. दख्खनमध्ये नावाजलेली कारवान वा मुधोळ जातीची कुत्री पाहिली तरी हेच दिसते. लांब पायांची, अरुंद छातीची ही कुत्री नजरेने सावज हेरतात आणि वेगाने ते गाठतात. जमिनीला नाक लावून काल संध्याकाळी गेलेल्या प्राण्याचा माग आज सकाळी काढणे हा त्यांचा पिंडच नव्हे. मनूच्या पारध्याबरोबरही कुत्रा नाही. तो एकटाच आहे आणि त्याचे साधन आहे त्याचे डोळे. थेंब संपले की त्याचे अनुमानही संपणार.

युरोपातही प्रारंभी कुत्र्याची जागा शिकारीच्या आधीच होती. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या फ्वा परगण्याचा अधिपती गास्तों फेब्यूस याने 1387 मध्ये आपल्या मृगयाग्रंथाच्या लेखनास प्रारंभ केला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेली त्याची सचित्र प्रत मध्ययुगीन चित्रकलेच्या अभ्यासकांनाही मोलाची वाटते. यॉर्कच्या ड्यूकने पंधराव्या शतकाच्या आरंभी त्याचे इंग्रजी रूपांतर केले. या ग्रंथात ‘लिमिए’ नावाच्या कुत्र्याचे सविस्तर वर्णन आहे. पहाटे एक सेवक या कुत्र्याला वादीने धरून रानात नेई. कुत्र्याने आवाज करायचा नाही, असे त्याला शिकवलेले असे. मोठ्या नराचे रात्रीचे बसण्याचे ठिकाण कुत्रा नाकाने शोधी. सेवक तेथील लेंड्या शिंगात भरून घेई आणि जमलेल्या सरदारांपुढे ठेवी. त्यांवरून प्राण्याचे वय व आकार यांचा अंदाज घेऊन आज कोणत्या हरणाचा पाठलाग करायचा हे ठरे. मग शिकारी कुत्र्यांचा तांडा सुटे आणि हरीण थकून उभे राहीपर्यंत तासन्‌तास पाठलाग चाले.

या पद्धतीत क्रौर्य होते, हे नाकारता येणार नाही. पण जखमी होऊन निसटलेल्या हरणाचा प्रश्न तीत क्वचितच उद्भवत असणार. पाठलाग संपे तो हरणाच्या मरणाने किंवा त्याच्या सुटकेने. दूरवरून आघात करणारे हत्यार हाती आले की चित्र पालटते. बाण दूर जातो, बंदुकीची गोळी त्याहून दूर जाते. हत्यार जितके लांब पोचते, तितका मारणारा मरणाऱ्यापासून दुरावतो. हरीण गोळी लागल्यावर जागीच कोसळते असा आपला समज चित्रपटांनी करून दिलेला आहे. प्रत्यक्षात फुप्फुसांत गोळी लागलेले हरीणही शंभर पावले धावून मग पडते. पोटात वा पायात गोळी लागलेले दाट झाडीत शिरते, तेथे बसून राहते आणि त्याचे मरण कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस लांबते.

जर्मन भाषिक प्रदेशात या नव्या परिस्थितीतून कुत्र्याचे स्थान बदलले. तेथेही लिमिएसारखा ‘लाइटहुंड’, म्हणजे वाट दाखवणारा कुत्रा, राजेरजवाड्यांच्या पदरी होता. 1848 च्या क्रांतीने दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारांचा जुना हक्क मोडीत काढला आणि शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. दरबारी थाटाचे पाठलाग मागे पडले, बंदूक घेऊन एकट्याने करायची शिकार वाढली आणि पहाटे हरणाचा ठाव काढून देणाऱ्या कुत्र्याला कामच उरले नाही. हॅनोवरच्या राजांच्या मृगयागृहातील जाणत्या वनरक्षकांनी त्याच रक्ताच्या कुत्र्यांना दुसरे काम दिले. गोळी सुटण्यापूर्वी रानात जाणारा कुत्रा आता गोळी सुटल्यानंतर जाऊ लागला. हॅनोवरचे राज्य 1866 मध्ये प्रशियाने गिळंकृत केले, तरी ही विद्या टिकून राहिली. डोंगराळ प्रदेशात तेथील कुत्रा जड पडतो म्हणून 1870 नंतरच्या काळात बव्हेरियात त्याहून हलक्या, चपळ कुत्र्याची पैदास करण्यात आली. या दोन्ही जातींचे संवर्धन करणाऱ्या संस्था अनुक्रमे 1894 व 1912 मध्ये स्थापन झाल्या आणि आजही त्या कार्यरत आहेत.

या कुत्र्यांना जर्मनमध्ये ‘श्वाइसहुंड’ म्हणतात. ‘श्वाइस’ या शब्दाचा रूढ अर्थ घाम. शिकाऱ्यांच्या परिभाषेत मात्र जखमी जनावराच्या अंगातून गळणाऱ्या रक्ताला रक्त म्हणत नाहीत, घाम म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. कटू वस्तूला सौम्य नाव देऊन मनाची टोचणी बोथट करणे हा भाषेचा जुनाच व्यवहार आहे. आपणही दिवा विझला म्हणत नाही, तो ‘वाढला’ म्हणतो. पण ज्या समाजाने रक्ताचे नाव टाळले त्याच समाजाने त्या रक्तामागे शेवटपर्यंत जाण्याचा दंडकही घालून घेतला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तो दंडक कसा पाळला जातो ते थोडक्यात पाहू. गोळी लागली त्या क्षणी हरीण जेथे उभे होते ती जागा प्रथम निश्चित करतात. तेथे पडलेले केस, हाडाचा एखादा तुकडा, रक्ताचा रंग ही सर्व लिपी असते आणि ती वाचावी लागते. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाची साक्ष देते. काळपट रक्त यकृताची. रक्तात हिरवट चोथा मिसळलेला असेल तर जखम पोटाची. पोटाची जखम असेल तर घाई करायची नाही, हा पहिला धडा. पाठीमागे कोणी लागले नाही तर असे हरीण जवळच कोठेतरी बसते. लगेच हुसकले तर मैलोगणती जाते आणि मग त्याच्या यातनांना अंत राहत नाही. म्हणून कित्येक तास थांबून, पुष्कळदा रात्र उलटू देऊन, मगच कुत्र्याला त्या जागेवर आणतात. त्याच्या गळ्यात रुंद पट्टा आणि पट्ट्याला लांबलचक चामडी वादी असते. कुत्रा पुढे, माणूस मागे, आणि दोघांचीही चाल संथ. वादी अशासाठी की कुत्र्याने पाठलाग करू नये, शोध करावा.

रक्त संपते तेथे माणसाचे डोळे थांबतात. कुत्र्याचे काम मात्र तेथेच सुरू होते. माणसाच्या नाकातील गंधग्राहक पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, तर कुत्र्याच्या वीस ते तीस कोटींपर्यंत, असे सांगितले जाते. हरणांच्या अनेक जातींत खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात आणि त्यांचा गंध प्रत्येक पावलागणिक जमिनीला लागतो. कसलेला कुत्रा रक्ताचा टिपूस नसतानाही जखमी हरणाची वाट त्याच रानातून गेलेल्या इतर हरणांच्या वाटांतून वेगळी काढतो. जर्मनीत अशा कुत्र्यांची परीक्षा घेतात तेव्हा पाव लिटर रक्त शिंपडून किमान एक हजार मीटर लांबीचा माग आखतात आणि तो वीस वा चाळीस तास तसाच ठेवून मग कुत्र्याला सोडतात. वादी धरणाऱ्याची परीक्षा याहून कठीण असते. हरीण डावीकडे गेले असणार असे त्याचे अनुभवी मन सांगत असते आणि कुत्रा उजवीकडे ओढत असतो. अशा वेळी आपले अनुमान बाजूला ठेवून कुत्र्यामागे जाणे हे त्याला शिकावे लागते. हरीण सापडले की शिकाऱ्याला झाडाची एक डहाळी देण्याची तेथे प्रथा आहे. माग काढून मिळालेल्या हरणाच्या बाबतीत त्या डहाळीचा एक तुकडा कुत्र्याच्या पट्ट्यात खोवतात. श्रेयाची अशी विभागणी आपल्या विद्वत्सभांतूनही क्वचितच आढळते.

हे सर्व वाचताना मन प्रसन्न होते. पण इतिहासाच्या वाचकाने प्रसन्नतेपाशी थांबू नये. जर्मनीत शिकारीचा सर्वंकष कायदा झाला तो 1934 मध्ये. वन्य प्राण्याविषयी शिकाऱ्याचे कर्तव्य काय, याचा त्याने गांभीर्याने विचार केला होता. त्याच्या आदल्या वर्षी प्राणिसंरक्षणाचाही कायदा झाला होता. या शिकारखात्याचा सर्वोच्च अधिकारी होता हेर्मान गोरिंग. जखमी हरणाला तळमळत ठेवू नये याची चिंता वाहणारी राजवट माणसांच्या बाबतीत काय करीत होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. करुणा एका दिशेने वळवली की ती आपोआप सर्व दिशांना पसरते, हा आपला भाबडा समज येथे उद्ध्वस्त होतो.

कुत्र्याच्या नाकाचा इतिहासही याला साक्ष आहे. इंग्लंडमधील वैद्य जॉन केयस याने 1570 मध्ये लॅटिनमध्ये इंग्लंडच्या कुत्र्यांविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. रक्ताच्या मागावर जाणाऱ्या कुत्र्याचे वर्णन करताना तो जखमी किंवा चोरलेल्या जनावराचा माग सांगतो आणि लगोलग त्याच कुत्र्याने चोरांचा माग काढल्याचेही सांगतो. जनावराकडून माणसाकडे जायला त्या नाकाला प्रयास पडत नाहीत. 1795 मध्ये जमैकात गुलामगिरीतून निसटून डोंगरात स्वतंत्रपणे राहणाऱ्या मरून लोकांशी इंग्रजांचे युद्ध पेटले, तेव्हा त्यांच्यावर सोडण्यासाठी क्यूबातून माग काढणारी कुत्री आणवण्यात आली होती. हरणाच्या यातना संपवण्यासाठी जे कौशल्य वापरता येते तेच माणसाला यातना देण्यासाठीही वापरता येते. नाक निरपराध असते. वादी कोणाच्या हातात आहे हा खरा प्रश्न.

अमेरिकेतील अनुभव वेगळ्या अर्थाने बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील हरणांची संख्या चिंताजनक घटली, तेव्हा न्यूयॉर्कसह उत्तरेकडील राज्यांनी कुत्र्यांच्या साह्याने हरणांची शिकार करण्यास बंदी घातली. हेतू उत्तम होता आणि परिणामही चांगला झाला. पण हरीण मारण्यासाठी सोडलेला कुत्रा आणि मारलेले हरीण शोधण्यासाठी वादीने बांधून नेलेला कुत्रा यांत कायद्याने भेद केला नव्हता. परिणामी, हरणाला जखमी करण्याची परवानगी होती, पण ते शोधून काढण्याच्या सर्वोत्तम साधनाला मनाई होती. ही विसंगती ज्याच्या ध्यानात आली तो योगायोगाने इतिहासाचा प्राध्यापक होता. हॉफस्ट्रा विद्यापीठात अध्यापन करणारे जॉन जीनेनी यांना युरोपातील ही परंपरा ठाऊक होती. 1976 मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या पर्यावरण खात्याकडून संशोधनासाठी म्हणून खास परवाना मिळवला आणि राठ केसांच्या, आखूड पायांच्या डाक्सहुंड कुत्र्यांना घेऊन ते कामाला लागले. 1978 मध्ये या कामासाठी स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली, आणि हाक आली की रात्री-अपरात्री रानात जायचे व हरीण शोधून द्यायचे, असा क्रम सुरू झाला. प्रत्येक शोधाची नोंद ठेवली जाई. त्या नोंदींच्या बळावर 1986 मध्ये राज्याचा कायदा बदलला. पुढे एकेक करून इतर अनेक राज्यांनी तीच वाट धरली. जीनेनी यांनी या विषयावर 2004 मध्ये ग्रंथ लिहिला. तो आज या क्षेत्रातला प्रमाणग्रंथ समजला जातो. दहा वर्षे लागली ती एका शब्दाच्या दोन अर्थांतील भेद कायद्याला पटवून देण्यासाठी. स्वीडनने याबाबतीत पुढचे पाऊल टाकले आहे. तेथे मोठ्या हरणांच्या शिकारीत, गोळी झाडल्यापासून दोन तासांच्या आत माग काढणारा कुत्रा त्या जागी पोचू शकेल, अशी तजवीज करणे शिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मागावर जाणे ही आता शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली भूतदया राहिलेली नाही. शिकारीच्या हक्काबरोबर येणारे ते ऋण आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हाच गुन्हा ठरला. त्यामुळे जखमी हरीण शोधणारा कुत्रा आपल्याकडे रुजण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पण कुत्रा अरण्यात आला तो दुसऱ्या वाटेने. 2008 पासून ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या पुढाकाराने वन्यजीवांच्या तस्करीचा माग काढणारी कुत्री तयार करण्याचा उपक्रम सुरू झाला. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात त्यांना व त्यांच्या सांभाळकर्त्यांना शिक्षण मिळू लागले, आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या वनखात्यांत अशी कुत्री दाखल झाली. वाघाचे कातडे, हाडे, दडवलेले मांस यांचा वास ती ओळखतात आणि मारलेल्या जनावराजवळून निघालेल्या माणसाच्या मागावरही जातात. युरोपातील कुत्रा शिकाऱ्याला हरणापर्यंत नेतो. आपला कुत्रा मेलेल्या हरणापासून शिकाऱ्यापर्यंत जातो. माग तोच आहे, फक्त उलट्या टोकाकडून धरलेला.

आणि येथे मनूची उपमा अनपेक्षितपणे पुन्हा समोर येते. कुत्र्याने काढलेल्या मागाला न्यायालयात पुरावा म्हणून किती मोल द्यावे, हा प्रश्न महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवणे उचित नाही, असे या पुराव्यावरील आक्षेप न्यायालयाने विचारात घेतले. असा पुरावा ग्राह्य मानला तरी त्याला फारसे वजन देता येणार नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. आपल्या देशात काही जमातींवर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो 1952 मध्ये कायद्याने पुसला, पण समाजमनावरून अजूनही पुसला गेलेला नाही. पारधी ज्या देशात एका जमातीचे नाव आहे आणि त्या नावासरशी संशयाची सुई फिरते, त्या देशात कुत्र्याने कोणाच्या झोपडीपुढे बसकण मारली, एवढ्यावर निकाल होऊ नये, हे योग्यच आहे. धर्माचे ठिकाण अनुमानाने शोधावे, असे स्मृतिकाराने सांगितले. ते अनुमान कोणी करायचे आणि ते चुकले तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हे सांगायचे राहून गेले होते. वादी धरणाऱ्याची जबाबदारी कुत्र्यावर ढकलता येणार नाही, एवढे आपल्या न्यायालयाने स्पष्ट केले.

शेवटी पुन्हा रघुवंशाच्या नवव्या सर्गाकडे वळतो. त्या मृगयेत दोन प्रसंग आहेत. पहिल्यात दशरथ एका हरणावर बाण रोखतो. त्याची सहचरी मध्ये येऊन त्याला आपल्या देहाने झाकते आणि राजाचे मन द्रवून तो बाण आवरतो. त्या प्रसंगाचे आपण नेहमी कौतुक करतो. दुसऱ्या प्रसंगात तोच राजा न पाहता, केवळ आवाजाच्या रोखाने बाण सोडतो. तो लागतो पाणी भरणाऱ्या तापसकुमाराला. करुण आर्तस्वर कानी येताच दशरथ त्या आवाजाच्या शोधात वेतांच्या दाटीत शिरतो, आपल्या बाणाने काय केले ते पाहतो, त्या मुलाला त्याच्या आंधळ्या आईबापांकडे नेतो आणि त्यांच्यापुढे आपले कृत्य कबूल करतो. शाप त्याला तेथे मिळतो. तो मागे फिरला असता तर कदाचित शापातून वाचला असता. कुणाला काही कळलेही नसते.

आयुष्यभर साहित्याची समीक्षा केलेल्या माणसाला हे दृश्य फार अस्वस्थ करते. आम्हीही दूरवरून शब्द सोडतो. त्यातला एखादा वर्मी लागतो, कोणीतरी मुकाट्याने झाडीत निघून जाते, आणि आम्ही पुढच्या पुस्तकाकडे वळतो. माझ्या हातूनही असे घडलेले आहे. एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहावर मी लिहिलेल्या परीक्षणानंतर त्याचे लेखन पुन्हा कोठे दिसले नाही. परीक्षण चुकीचे होते असे मला अजूनही वाटत नाही. पण तो कोठे गेला, हे पाहायला मी कधी गेलो नाही. मनूच्या श्लोकातील हरणाविषयी मला इतकी वर्षे प्रश्न पडला नव्हता, त्याचे कारण हेच असावे.